गारव्याची मोजणी

"खोली किती बाय किती?" असं दुकानातल्या साहेबरावानं विचारलं आणि गिरिधररावांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. प्रश्न काही अवघड नव्हता. बँकेत सही करा म्हटल्यासारखाच तो. पण गिरिधररावांनी तेहतीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात काढली होती. परतूर तालुक्यातली निम्मी वावरं त्यांच्या साखळीखालून गेली होती. आष्टीला सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे असताना मधल्या बांधावर यांनी घाम पुसत खुणेचे दगड रोवले होते, आणि वीतभर इकडचं तिकडं होऊ दिलं नव्हतं. आणि आता स्वतःच्या घरातली झोपायची खोली, जिच्यात एकवीस उन्हाळे काढले, तिची लांबी-रुंदी विचारल्यावर ते म्हणाले, "असंल दहा-बारा." साहेबराव आष्टीचाच. शेती भावाकडे सोपवून जालन्यात येऊन त्यानं पंखे, फ्रिज आणि एसीचं दुकान टाकलं होतं. तो मोकळेपणी हसला. "काका, आमचा बांध तुम्हीच मोजल्ता. आन् सोताची खोली मोजली न्हाई?" त्याच्या हसण्यात खोट नव्हती, तरी ते गिरिधररावांना लागलं. "बरं, माणसं किती झोपतेत तिथं?" साहेबरावानं विचारलं. "दोन," ते म्हणाले. साहेबरावानं कागदावर दोनाचा आकडा काढला. त्यांच्या बायकोला, सुहासिनीला, जाऊन तीन वर्षं झाली होती. आकडा खोडायला सांगावा म्हणून गिरिधररावांनी बोट पुढं केलं आणि मागं घेतलं, कारण तसा तो बरोबरच होता. लेक बाळंतपणाला येईल आणि तिचं बाळ असेल. दोनच. पण आपल्या तोंडून निघालेलं दोन हे त्या दोघांचं नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तो कागद घेऊन ते मार्चच्या उन्हात बाहेर पडले तेव्हा छत्री दुकानातच राहिली.

सगळं सुरू झालं होतं रविवारच्या फोनपासून. शीला, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी सत्यशीला, पुण्याला दिलेली. लग्नानंतर चौथ्या वर्षी तिला दिवस गेले आणि गिरिधररावांनी ऐकल्या क्षणी मनातल्या मनात खोली रिकामी करायला घेतली. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय? पण फोनवर ती म्हणाली, "बाबा, मे महिन्यात जालन्यात? नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई. आपला कूलर रोज दहा बादल्या पितो. बाळ घामोळ्यांनी हैराण होईल हो. मी इथंच करते. सासूबाई आहेत ना." शेवटचं वाक्य ती जरा घाईनं बोलली. त्यांनी "बरं" म्हटलं, जावयांची चौकशी केली आणि फोन ठेवला. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही बहिणींचं माहेर आई गेल्यावर कसं आटत गेलं ते त्यांनी पाहिलं होतं. आधी चार दिवसांचे दोन झाले, मग दिवाळीचं बोलावणं पत्रावर आलं, मग पत्रही सुटलं. भांडण कुणी केलं नव्हतं. त्यांना स्वतःला तेव्हा ते कळलंही नव्हतं, आणि बहिणींनी कधी बोलून दाखवलं नाही. आता शीलाचं तसंच होणार, आणि सुरुवात कूलरच्या पाण्यापासून होणार. असं असेल तर पाणी न लागणारं यंत्र आणू. कोणत्याही प्रश्नाला उत्तर असतं, ते नीट मोजमाप करून काढायचं असतं, या एका श्रद्धेवर त्यांची सगळी नोकरी झाली होती.

साहेबरावानं त्यांना बसवून, थंड पाणी पाजून समजावलं होतं. एसी दोन जातीचे. एक खिडकीत बसतो, सगळं एकाच पेटीत, स्वस्त आणि टिकाऊ, पण घुरघुरतो. दुसऱ्याचे दोन तुकडे असतात, एक भिंतीवर आत, एक गच्चीवर बाहेर, मधे तांब्याची नळी, आणि आवाज म्हणाल तर मांजर चालल्याइतका. मग टन. एक टन की दीड टन, असं त्यानं विचारल्यावर गिरिधररावांच्या डोळ्यांसमोर आधी लोखंडी सळयांनी भरलेला ट्रक आला आणि त्यांनी काळजीनं विचारलं, भिंत तोलंल का? साहेबराव यावेळी हसला नाही, एवढं त्याचं भलेपण. टन म्हणजे गारव्याचं माप, त्यानं सांगितलं. खोली केवढी, वरचा स्लॅब उन्हात आहे का, पश्चिमेची भिंत उघडी आहे का, माणसं किती, खिडक्या किती, यावर ते ठरतं. "लहान घेतला तर रातंदिवस पळतोय आन् गार करत न्हाई. लई मोठा घेतला तर खर्चा फुकट. बराबर माप आणा, मंग बोलू." बराबर माप हा शब्द ऐकून गिरिधररावांना पुष्कळ दिवसांनी कामावर निघाल्यासारखं वाटलं.

घरी येऊन त्यांनी कपाटातून टेप काढली, वहीचं कोरं पान घेतलं आणि सवयीनं आधी चतुःसीमा लिहिल्या. उत्तरेस बैठकीची खोली, दक्षिणेस स्वयंपाकघर, पश्चिमेस रस्ता, पूर्वेस द्वारकाबाईंचा ओटा. मग भिंतीच्या कडेनं वाकून टेप सोडली. दहा फूट चार इंच. आडवी बारा फूट, दोन इंच कमी. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं म्हणून त्यांनी त्यावर पाटा ठेवला होता, तो सरकला, पुन्हा ठेवला. पश्चिमेच्या भिंतीला त्यांनी तळवा लावला. दुपारचे तीन वाजले होते आणि भिंत तापलेल्या तव्याच्या कडेसारखी लागत होती. ही भिंत एवढी तापते हे त्यांना आज कळत होतं. गेल्या पावसाळ्यात निवृत्त होईपर्यंत उन्हाळ्यात या वेळेला ते कधी घरी नसतच. ते परतूरच्या, वाटूरच्या शिवारात डोक्याला पंचा बांधून झाडाची सावली शोधत असायचे, आणि साडेपाचच्या सुमारास बस धरून घरी पोचायचे. दारातच गार वाऱ्याची झुळूक यायची, वाळ्याचा वास यायचा, आणि सुहासिनी तांब्याभर पाणी पुढं करत म्हणायची, हुश्श करा आधी, बोलणं मागून. कूलरसमोर चटईवर आडवं पडताना त्यांच्या मनात दरवर्षी एकच विचार येई, की आपण उन्हात करपलो तरी घरचं माणूस गारव्यात आहे. तेवढ्यासाठी तर पंच्याऐंशी साली त्यांनी पत्रा कापून, वेल्डिंगवाल्यासमोर दिवसभर बसून तो कूलर करून घेतला होता. खोलीच्या मधोमध उभं राहिल्यावर त्यांना कळेना की आपण लांबी लिहिली ती कुठल्या बाजूची. पुन्हा मोजायला पाहिजे होतं. त्यांनी पुन्हा मोजलं. पलंगाच्या पायाशी फरशी थोडी झिजलेली होती, तिथं सुहासिनी भाजी निवडायला बसायची. त्या झिजलेल्या जागेवरून टेप नेताना त्यांनी ती जरा उचलून धरली, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पूर्वेच्या खिडकीची रुंदी घेत असताना पलीकडून आवाज आला, "भाऊजी, काय मोजून राह्यले? घर विकायचंय का?" द्वारकाबाई ओट्यावर गहू पाखडत बसल्या होत्या. सत्तरीच्या, तोंडानं फटकळ, पण गल्लीतल्या निम्म्या लेकरांना त्यांनीच न्हाऊ घातलेलं. गिरिधररावांनी एसीचं सांगितलं, खिडकीतल्या पेटीचं सांगितलं. "म्हंजे आत तुमी गार बसणार आन् गरम फुफाटा माझ्या अंगावर?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "आन् बाळंतिणीला गार वारं? शेक-शेगडी, धुरी, कान बांधायचे, आन् तुमी तिला बर्फात ठेवून राह्यले. कुठं ऐकलं असलं!" गिरिधरराव खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. हे त्यांच्या वहीत कुठंच नव्हतं. ते म्हणाले, "मंग उन्हात मारू का पोरीला? कूलरला पाणी न्हाई." द्वारकाबाई थोड्या नरमल्या. मग गव्हातला खडा वेचत सहज म्हणाल्या, "पाणी कवा होतं? सुहासनं तरी दुपारचा कूलर लावला का कधी? दिवसभर बंद. साडेचार झाले की बादल्या ओतायची, वाळ्याच्या ताट्या भिजवायची, तुमी यायच्या टायमाला घर गार पाहिजे म्हणून. मी म्हणायची, अगं, लाव की घडीभर. म्हणायची, आत्ता लावला तर त्यांना पुरत न्हाई." आणि त्यांनी सूप उचलून पुन्हा पाखडायला घेतलं.

गिरिधरराव खिडकीतून आत आले. म्हणजे ते आतच होते, पण त्यांना तसं वाटलं. अठरा उन्हाळे. एका उन्हाळ्याचे तीन महिने धरले तर किती दुपारी होतात हा हिशेब डोक्यात आपोआप सुरू झाला आणि त्यांनी तो जबरदस्तीनं थांबवला. वाळ्याचा तो वास, ती झुळूक, ते हुश्श. आपल्यासाठी मांडून ठेवलेलं. ताट वाढून झाकून ठेवावं तसा गारवा झाकून ठेवला होता तिनं, आणि आपण येऊन तो सगळा खाल्ला, आणि वर तिला म्हणायचो, तुझं बरं आहे बाई, सावलीतलं काम. असं ते खरंच म्हणायचे. ती हसायची. त्यांना त्या हसण्याचा आवाज आठवेना. चेहरा आठवत होता, दातातली फट आठवत होती, आवाज नाही. त्या दिवशी त्यांनी पंखाही लावला नाही. संध्याकाळपर्यंत ते तापल्या भिंतीला पाठ लावून फरशीवर बसले, बघू तर खरं कसं असतं ते, असं म्हणत. पण जे तिनं कुणाला न सांगता केलं ते एका दुपारीत आपल्याला काय कळणार, असंही त्यांना वाटत राहिलं, आणि स्वतःचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबरावापुढं वही ठेवली. साहेबरावानं नकाशा बघून मान डोलावली, स्लॅब उघडा आणि पश्चिमेची भिंत तापणारी म्हणून दीड टन सांगितला, आणि म्हणाला की खिडकीतला घ्या, काका, तुमच्या बजेटात बसतोय. "खिडकी न्हाई अडवायची," गिरिधरराव म्हणाले. "शेजारी माणूस बसतंय. दोन तुकड्यांचा द्या. आवाज न करणारा." तो चार दिवसांत बसला. पांढरा, लांबट, भिंतीवर उंच. खाली व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर, त्याचा लाल दिवा. गिरिधररावांनी देवापुढचा नारळ आणून फोडला आणि बटण दाबलं.

आणि खोली गार होईना. पहिल्या दुपारी नाही, दुसऱ्या नाही. तोंडासमोर हात धरला तर वारा थंड लागायचा, पण पलंगावर बसलं की तीच काहिली. तिसऱ्या दिवशी त्यांचा तोल गेला. दुकानात जाऊन त्यांनी चारचौघांत साहेबरावाला सुनावलं, की तुझ्या बापाच्या बांधाला मी वीतभर कमी केलं न्हाई आन् तू मला मापात मारलंस. दीड टन म्हणून एक दिलास. साहेबरावाचा चेहरा पडला. तो स्कूटर काढून त्यांच्याबरोबर आला, खोलीत शिरला, एसीकडं बघितलंही नाही. पूर्वेची खिडकी वीतभर उघडी होती. त्यानं ती लावली, खिट्टी ओढली, दार ओढून घेतलं आणि उभा राहिला. पाच मिनिटं गेली. मग गिरिधररावांच्या मानेवरचा घाम वाळायला लागला. "काका," साहेबराव हळूच म्हणाला, "हा कूलर न्हाई. कूलरला समोरची खिडकी उघडी लागती, न्हाई तर दमट होतंय. सगळे जालनेवाले हेच करतेत. म्या सांगायला पायजे होतं, चुकलं माझंच." गिरिधररावांनी त्याचा हात धरला. माफी मागायची होती, पण शब्द वेगळेच आले. "ती कायम म्हणायची, तेवढी खिडकी उघडा हो," ते म्हणाले. साहेबरावाला ती म्हणजे कोण ते कळलं असावं. तो छत्री परत द्यायला घेऊन आला होता, ती त्यानं कोपऱ्यात उभी केली आणि चहा न घेता गेला. घराबाहेरच्या माणसापुढं का होईना, तीन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा तिचा विषय काढला होता, हे त्यांच्या लक्षात आलं ते तो गेल्यानंतर.

एप्रिलच्या सुरुवातीला जावयांना औरंगाबादेत काम निघालं आणि ते शीलाला दोन दिवस जालन्यात सोडून गेले. ती गाडीतून उतरली तेव्हा गिरिधररावांना ओळखायला एक क्षण लागला, इतकी ती आईच्या चालीनं चालत होती, कमरेला हात देऊन. एसी आहे हे त्यांनी तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं. दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी खोलीचं दार उघडून "हं, जा, पड जरा" म्हटलं आणि स्वतः बाहेर बैठकीत थांबले, निकाल लागायचा असल्यासारखे. मग शीला म्हणाली, "बाबा, हे काय?" ते दारातूनच सांगू लागले. दीड टन, तांब्याची नळी, आवाज नाही, पाणी लागत नाही, सत्तावीसवर ठेवायचा. द्वारकाबाईंशीही बोलणं झालंय, सकाळी शेक-शेगडी त्यांची, दुपार आपली. त्या बाळाला न्हाऊ घालायला येणार आहेत. डिंकाचे लाडू सांगून ठेवलेत. म्हणजे आता उन्हाळ्याचा प्रश्नच नाही. एवढं बोलून ते थांबले. शीला पलंगाच्या कडेवर बसली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते आनंदाचं नाही हे बापाला कळायला माप लागत नाही.

"आत या ना बाबा, गार निघून चाललंय," ती म्हणाली. ते आत आले, दार लावलं आणि खुर्ची ओढून जरा लांब बसले. पोरगी मोठी झाल्यापासून बंद दाराच्या खोलीत असं दोघंच कधी बसले नव्हते. "मी उन्हाळ्याचं खोटं सांगितलं होतं," शीला म्हणाली. "तुम्ही एवढं कराल हे माहीत असतं तर खरं सांगितलं असतं. मला या खोलीत आईशिवाय नको होतं. म्हणजे आई न्हाई ते न्हाईच, पण तुम्ही तिचं नावही काढत नाही. तीन वर्षं. मी काही म्हणायला गेले की तुम्ही उठून नळाला पाणी आलं का बघायला जाता. मी इथं महिनाभर पडून राहणार, आईची भिंत, आईचा पलंग, आणि दोघांनीही गप्प बसायचं. मला ते जमलं नसतं हो. त्यापेक्षा सासूबाई बऱ्या." ती बोलली ते सगळं खरं होतं. गिरिधररावांना आत्ताही उठावंसं वाटत होतं. गुडघ्यांनी तयारीही केली होती. एवढी मोजमापं केली, टन काढला, भिंत तपासली, आणि प्रश्न दुसऱ्याच वावरातला निघाला. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"सुहास," ते म्हणाले. "तुझी आई दुपारचा कूलर लावायची न्हाई. तुला माहीत आहे? मला आत्ताआत्ता द्वारकाबाईंनी सांगितलं. माझ्यासाठी पाणी राखून ठेवायची. अठरा वर्षं ती या भट्टीत बसली, शीला, आणि मी तिला म्हणायचो, तुझं बरं आहे. ती गेली त्याला मी काही करू शकलो नसतो, डॉक्टरांनी सांगितलंय. पण हे? हे मला दिसायला पाहिजे होतं. मी काय बोलू तिच्याबद्दल? तोंड कुठाय मला?" त्यांचा आवाज फुटला आणि त्यांनी तो आवरला नाही.

आणि शीला, नवलच, हसली. रडत रडत हसली. "बाबा, भट्टी कसली! मला माहीत होतं की सगळं. मी साडेअकराला शाळेतून यायचे. आई फरशीवर ओलं फडकं फिरवायची आणि आम्ही दोघी पालथ्या पडायचो, गाल फरशीला लावून. एक जागा तापली की लोळत दुसरीकडं. कोण आधी गार जागा धरतं ते. आई चिटिंग करायची, साडी पसरून जागा अडवायची. कैऱ्या चिरून मीठ-तिखट लावून तिथंच खायचो. ती तुमची नक्कलही करायची, बाबा. 'तुझं बरं आहे बाई, सावलीतलं काम.' अगदी तुमच्या आवाजात. आणि मग इतकी हसायची की द्वारकाकाकू खिडकीतून विचारायच्या, काय झालं गं."

"माझी नक्कल?"

"पंचा बांधून."

गिरिधररावांनी खुर्ची सोडली आणि ते शीलाशेजारी पलंगावर येऊन बसले. त्यांना ती दिसली. जून महिना लागायच्या आधीची आंधळी दुपार, डोक्याला त्यांचा पंचा बांधलेली, फरशीवर पालथी पडलेली बाई, आणि तिच्या शेजारी आठ वर्षांची पोर. या खोलीत एक अख्खा उन्हाळा त्यांना न कळता होऊन गेला होता, आणि तो दुःखाचा नव्हता. "अजून सांग," ते म्हणाले. शीलानं सांगितलं. बाहेर ऊन उतरायला लागेपर्यंत ती सांगत होती, आणि मधेच तेही सांगू लागले, लग्नाआधी परतूरच्या बाजारात तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती ज्वारीच्या भावावरून व्यापाऱ्याशी कशी भांडत होती, हे शीलानं कधी ऐकलंच नव्हतं. बोलता बोलता शीलानं त्यांचा हात घेऊन पोटावर ठेवला, कारण आत लाथ बसली होती. गिरिधररावांचा हात तिथं दगडासारखा स्तब्ध राहिला.

"डॉक्टरांनी मेची अठ्ठावीस तारीख दिलीय," शीला म्हणाली. "पंधरा दिवस आधी यायला हवं. पण मी आपली आपण येणार न्हाई, सांगून ठेवते. आई असती तर शिदोरी घेऊन, खणा-नारळाची ओटी घेऊन आली असती. मला आणायला कधी येता?"

"उद्याच येतो," गिरिधरराव म्हणाले.

"बाबा, मी इथंच आहे."

"मंग तू जा तर आधी," ते म्हणाले, आणि दोन्ही हातांनी डोळे पुसत म्हणाले, "जाऊन तर बस तिकडं, मी येतो."